सेल्फ घेत नाही म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही

किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि बॉनेटखालून नुसतं ‘टक-टक-टक’ आलं, की वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: बॅटरी बदला. पुष्कळदा ते चुकतं. मुंबईत बॅटरी वय झालं म्हणून बसते त्याहून जास्त ती उपाशी राहून बसते, किंवा ती ठणठणीत असते आणि टर्मिनलवर चढलेला पांढरा थर करंट अडवत असतो. हे दोन्ही दोष तसेच ठेवून नवी बॅटरी घातली, तर ती पण फार दिवस टिकत नाही.

आधी उपासाचा हिशेब. सेल्फ मारण्यात खूप चार्ज जातो असा समज आहे. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो खरा, पण दोनच सेकंद. म्हणजे झाला ०.०८ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ही चिल्लर आहे. खरी गळती गाडी उभी असताना होते. सेंट्रल लॉकिंग, अलार्म, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी आणि घड्याळ मिळून २० ते ५० मिलीअँपिअर चोवीस तास जात असतात. ४० धरले तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. आठवडाभर तुम्ही लोकलने ऑफिसला गेलात आणि गाडी पोडियमवर उभी राहिली, की रविवारपर्यंत सहाची तूट. जीपीएस ट्रॅकर किंवा पार्किंग मोडमधला डॅशकॅम असेल तर तूट कितीतरी वाढते. फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका. त्या स्टिकरला गाडीच्या बॅटरीतून काहीच लागत नाही, त्याचं काम टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर चालतं.

आता ही तूट रविवारी दादर ते बांद्रा आणि परत एवढ्यात भरून निघेल का? त्या पाऊण तासातला बराचसा वेळ सिग्नलला जातो. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) पूर्ण क्षमतेने चालत नाही, आणि जे बनवतो त्यातलं एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, पावसाळ्यात वायपर आणि हेडलाइट खातात. उरलंसुरलं बॅटरीला. त्यात लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव असा की ८० टक्क्यांपर्यंत ती पटापट भरते आणि शेवटचे २० टक्के तासन्‌तास घेते. म्हणून पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन घरघरवत ठेवण्याने पेट्रोल जळतं, बाकी फारसं काही होत नाही. आठवड्यातून एकदा पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर किंवा पाम बीच रोडवर सलग तासभर चालवलीत तर उपयोग. तेही जमत नसेल तर महिन्यातून एकदा चार्जर लावणं हाच सरळ मार्ग.

अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीत प्लेटींवरचं मऊ लेड सल्फेट हळूहळू कडक स्फटिकांचं रूप घेतं. याला सल्फेशन म्हणतात. एकदा ते मुरलं की चार्जरनेही पूर्ण सुटत नाही आणि तेवढी क्षमता कायमची जाते. मे महिन्यात रेल्वेने गावी महिनाभर जाणार असाल आणि गाडी इथेच राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

बॅटरी कशी आहे हे कळायला मल्टिमीटर हवा. दोन-पाचशे रुपयांत चालण्यासारखा मिळतो, लॅमिंग्टन रोडला जाल तर निवडायला भरपूर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, काहीही चालू न करता, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर बघा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, आजच चार्जिंगला लावा. १२ च्या खाली म्हणजे सल्फेशन चालू आहे असं समजा. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीचं रीडिंग खोटं मोठं येतं, त्यावर विसंबू नका. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा: भरलेली बॅटरी असूनही तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी खरंच थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खाली राहिला तर बेल्ट किंवा अल्टरनेटर बघा, १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी आतून उकळतेय. काही नव्या गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमीजास्त करतो. तिथे हेडलाइट लावून पुन्हा बघायचं आणि मगच निष्कर्ष काढायचा.

बॅटरीच्या डोक्यावरचा तो हिरवा डोळा? तो बॅटरीच्या आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एकाच सेलचं सांगतो. बाकीच्या पाचांतला एखादा सेल बसला असला तरी डोळा हिरवाच राहतो.

अल्टरनेटर तपासायची एक गॅरेजछाप पद्धत आहे, ती कोणी करू लागला तर हात धरा: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडते का बघायचं. जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळात हे खपून जायचं. आज त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. बॅटरीपेक्षा ते कितीतरी महाग.

आता हात घालायचा भाग. बॅटरीत पातळ गंधकाम्ल असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. त्यामुळे बंदिस्त बेसमेंटपेक्षा मोकळ्यावर काम करा, जवळ सिगरेट नको, आणि दसऱ्याला पूजा करताना उदबत्ती बॉनेट बंद असतानाच ओवाळा. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. लाल (पॉझिटिव्ह) टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. बाजूला बादलीभर पाणी असू द्या. ॲसिड अंगावर उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तसंच धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. सुती शर्टावरचा थेंब मात्र तेव्हा दिसत नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोक पडलेलं सापडतं.

गाडी बंद करा, किल्ली खिशात ठेवा (आत सीटवर नको, लॉक पडलं तर पंचाईत) आणि पाच मिनिटं थांबा, म्हणजे ईसीयू झोपतो. मग दहा नंबरचा पाना घ्या. काढताना आधी काळं, म्हणजे निगेटिव्ह. लावताना आधी लाल, काळं शेवटी. हा क्रम पाठांतराचा नाही, कारणाचा आहे: गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. काळं जोडलेलं असताना लाल सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. काळं आधीच निघालं असेल तर पाना कुठेही लागो, सर्किटच पूर्ण होत नाही.

क्लॅम्प (खांबाला आवळलेली वायरची पकड) अडकला असेल तर हातोडी मारू नका आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटूही नका. शिशाचा खांब आत प्लेटींना जोडलेला असतो, तो सांधा हलला की बॅटरी गेली. नट पूर्ण सैल करून क्लॅम्प डावी-उजवीकडे हलकेच फिरवत वर काढा. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असलेल्या गाडीत काळ्या क्लॅम्पवर एक चपटा सेन्सर असतो, त्याला जोर लावायचा नाही.

पांढरी भुकटी म्हणजे लेड सल्फेट, निळसर-हिरवी म्हणजे तांब्याची वायर खाल्ली जातेय. वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा समुद्राकाठच्या इमारतींत खारी हवा यात भर घालते, पण मूळ कारण खांबाच्या बुडातून झिरपणारी ॲसिडची वाफ. कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा, आणि जुना टूथब्रश. फेस येईल. फेस येणं थांबेपर्यंत घासा, पण सेलची झाकणं घट्ट बंद आहेत ना हे आधी बघा, कारण सोडा आत गेला तर तो आतल्या ॲसिडलाच मारतो. मग थोडं साधं पाणी ओतून कोरड्या फडक्याने पुसा. खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत फिरवून घासा. ती काळी धूळ शिशाची आहे, तिच्यावर फुंकर मारू नका आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला जाऊ नका.

क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवा आणि हाताने फिरवून हलत नाही इतपतच आवळा. शिसं मऊ असतं, जास्त आवळलं तर क्लॅम्प ताणला जातो आणि पुढच्या वेळी बसतच नाही. व्हॅसलिन लावायचं ते आवळून झाल्यावर, बाहेरून. आधी फासून मग क्लॅम्प बसवायची पद्धत सर्रास दिसते. त्यात चिकट थर दोन धातूंच्या मध्ये जातो.

सगळं चकचकीत करूनही सेल्फ रेंगाळत असेल तर काळ्या वायरचं दुसरं टोक बघा, जिथे ती बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेली असते. अर्थिंगचा हा बोल्ट पावसाळ्यात गंजतो आणि दोष बॅटरीच्या माथी जातो. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त म्हणजे बोल्ट काढून घासायला हवा.

झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला, एरवी दोन महिन्यांनी पाणी बघा. प्लेटींच्या वर १० ते १५ मिलीमीटर, किंवा बाहेरच्या कमाल रेषेपर्यंत. फक्त डिस्टिल्ड वॉटर. बिसलरी नाही, आरओचं नाही, आणि एसीच्या नळीतून गळणारं तर अजिबात नाही. ते दिसतं स्वच्छ, पण कॉइलवरची धूळ आणि धातू धुऊन आलेलं असतं. ॲसिड कधीच घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच पाणी घालून आधी चार्ज करा आणि मग रेषेपर्यंत भरा. चार्ज होताना पातळी वर येते, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं आणि ट्रे सडतो. एकच सेल सारखा पाणी मागत असेल तर तो बसायच्या मार्गावर आहे. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर भरलेल्या सेलचं रीडिंग १२६५ ते १२८० च्या आसपास येतं, आणि दोन सेलमध्ये ५० पॉइंटचा फरक पडला तर त्या बॅटरीवर पैसे घालवू नका.

चार्जरचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नको: ३५ ला साडेतीन अँपिअर. आपोआप बंद होणारा स्मार्ट चार्जर घ्या. आधी चिमटे लावायचे, मग भिंतीवरचं बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद. बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर थांबवा. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही. पाणी शिरणाऱ्या बेसमेंटमध्ये पावसाळ्यात जमिनीवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढण्यापेक्षा बॅटरी काढून वर न्या. लहान गाडीची नऊ-दहा किलोंची असते. न्यायची उभीच.

जंपर केबलचा क्रम: लाल बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती हायड्रोजनजवळ नको. काढायचं उलट क्रमाने. पाच मिनिटं दुसऱ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून मग सेल्फ मारा. सिग्नलवर विकायला येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये जाड प्लास्टिक आणि आत चार तारा असतात, त्या गरम होतात आणि गाडी चालू होत नाही.

बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सैल असेल तर खड्ड्यांमध्ये प्लेटींवरचा लगदा झडून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो. पाना हातात आहेच तर तो नटही आवळून घ्या.

आणि खरंच बदलायची वेळ आली तर तेवढ्याच क्षमतेची, तेवढ्याच उंचीची, लाल खांब त्याच बाजूला असलेली घ्या. खांब उलट बाजूला आले तर वायर ताणून बसवल्या जातात आणि कशाला तरी घासतात. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम (अशा गाड्यांसाठीच्या जास्त दमाच्या बॅटऱ्या) होती तर तीच, साधी चालत नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड गटारात ओतून मोकळा होतो. दुकानदार ती बदल्यात घेऊन किंमत कमी करतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला लावणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. जोडून झाल्यावर घड्याळ लावा, आणि पॉवर विंडो एकदा पूर्ण खाली-वर करून वर पोचल्यावर बटण काही सेकंद तसंच ओढून धरा. नाहीतर काच एका झटक्यात वर जायची विसरते, आणि त्याचाही दोष नव्या बॅटरीवर येतो.