पुराच्या चिखलातली फ्रेझल व्हर्ब

कोल्हापुरात, राजारामपुरीत मी बोलीइंग्रजी शिकवते. घरकामाची किंवा वृद्धांच्या देखभालीची नोकरी धरून परदेशी निघालेल्या बायका माझ्याकडे येतात. त्यांना व्याकरण बेताचं आलं तरी चालतं, पण मालकिणीनं सांगितलेलं काम नेमकं कळलंच पाहिजे. त्या दिवशी फळ्यावर क्लीन अप, क्लीन आउट, क्लीअर आउट, वाइप डाउन, वाइप अप अशी फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला अप, आउट, डाउन असा छोटा शब्द जोडला की अर्थ बदलणाऱ्या जोड्यांची, रांग होती.

"मॅडम, समदं एकच की ओ," मागून आवाज आला. "साफ करायचं म्हंजे साफ करायचं."

बोलणाऱ्या मावशी सुतारवाड्यातल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की तिथली घरं सामान बांधायला घेतात. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "२०१९ चा पूर उतरल्यावर घरात काय काय केलंत, क्रमानं सांगा."

"आधी चिखल काढला की खोऱ्यानं. मग पोत्यानं पाणी टिपलं."

पाणी टिपलं ते मॉप अप. भिंती वरपासून खालपर्यंत पुसल्या ते वाइप डाउन, कारण तिथं अख्खा पृष्ठभाग पुसायचा असतो. सांडलेला चहा फडक्यानं टिपतो ते वाइप अप. घर पुन्हा राहण्याजोगं करायचा सगळा खटाटोप म्हणजे क्लीन अप. एरवी कंटाळणाऱ्या मुलीसुद्धा भराभर लिहून घेत होत्या.

मग कपाटांची गोष्ट निघाली. लोखंडी कपाट त्यांनी रिकामं केलं, आतून घासलं, सामान परत लावलं. ते क्लीन आउट. माळ्याखालच्या खोलीतल्या भिजलेल्या गाद्या, पोरांची वह्या-पुस्तकं, लग्नातला शालू मात्र कचऱ्याच्या गाडीत गेला. हे सांगताना मावशी थांबल्या. वर्गात बऱ्याच जणींच्या घरात पाणी शिरलेलं, त्यामुळं कुणी घाई केली नाही. मी फळ्यावर क्लीअर आउटखाली रेघ ओढली. नको झालेलं बाहेर घालवून जागा मोकळी करायची, हा त्याचा रोख. परक्या घरात या दोन क्रियापदांची गल्लत झाली तर कुणाची तरी जपून ठेवलेली वस्तू कचऱ्यात जाईल, म्हणून मी यावर इतकी अडून बसते.

वॉश अपला पूर पुरला नाही. ब्रिटिश घरात त्याचा अर्थ जेवणानंतरची भांडी घासणं, अमेरिकन घरात बहुधा हात-तोंड धुणं. कुठल्या देशात जाताय ते बघून लक्षात ठेवा, एवढंच सांगितलं.

तास संपताना मुलाखतीचा सराव घेतला. मी मालकीण झाले आणि मावशींना अडगळीची खोली क्लीअर आउट करायला सांगितलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. अडखळत, पण इंग्रजीतच विचारलं, "काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते आधी दाखवाल का?"

आता प्रत्येक बॅचला मी हाच प्रश्न घालते.