जागळ माणूस

परवा एका लग्नात भाचीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "मामा, आज चक्क केम्प्ट दिसतोयस!" कडक इस्त्रीचा झब्बा, घोटून केलेली दाढी, नाही म्हणायला जागा नव्हती. पंगतीत शेजारी बसलेले एक निवृत्त मास्तर मात्र अस्वस्थ झाले. 'अनकेम्प्ट', म्हणजे गबाळा, असतं, 'केम्प्ट' असा शब्दच नाही, असा निकाल देऊन त्यांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

निकाल जरा घाईचाच होता. केम्प्ट म्हणजे विंचरलेला. जुन्या इंग्रजीत विंचरण्याचं एक क्रियापद होतं, आपल्या ओळखीच्या 'कोम'च्या, म्हणजे कंगव्याच्या, गोतातलं. ते वापरातून गेलं आणि न विंचरलेला तेवढा मागे राहिला. 'रूथलेस', म्हणजे निर्दय, यातला रूथ असाच खानदानी. रूथ म्हणजे कणव. कवी मिल्टननं 17व्या शतकात एका शोकगीतात देवदूताला रूथनं विरघळायला सांगितलं आहे. 'अनकूथ'मधला कूथ म्हणजे मुळात माहितीतला, ओळखीचा. म्हणजे अनकूथ माणूस आधी नुसता परका होता. गावंढळ तो पुढे ठरला. परक्याला हा अनुभव काही फक्त इंग्लंडातच येतो असं नाही.

खरी गंमत 'ग्रंटल्ड'ची. विनोदी लेखक वुडहाऊसच्या 1938च्या एका कादंबरीत नोकर जीव्ह्जचा सूर जरा बिघडलेला असतो, तेव्हा त्याचा मालक बर्टी म्हणतो की तो अगदी डिसग्रंटल्ड, म्हणजे नाराज, नसेल, पण ग्रंटल्डही नव्हता. वाचणारा हसतो आणि ग्रंटल्ड म्हणजे खूश हे धरून चालतो. पण कुळ काढायला गेलं तर हा 'डिस' नकाराचा नाहीच, तो जोर देणारा आहे. ग्रंटल म्हणजे कुरकुरणं, आणि डिसग्रंटल्ड म्हणजे पुरता कुरकुरलेला. तेव्हा वंशावळीनं पाहिलं तर ग्रंटल्ड माणसानंही कुरकुरतच बसायला हवं. बसत नाही, कारण वुडहाऊसनं त्याला एका वाक्यात खूश करून टाकलं. वंशावळ खोटी, पण माणूस जातिवंत, असं माझं याच्याबद्दल मत आहे.

'इनेप्ट', म्हणजे अकुशल, यातला 'इन' काढून केलेल्या 'एप्ट'ला मात्र मी दारात उभा करणार नाही. 'इनेप्ट'चा सख्खा भाऊ 'ॲप्ट' घरात धडधाकट असताना हा तोतया कशाला?

कधी कधी 'इन' काढणं गरजेचंही होऊन बसतं. पेट्रोलच्या टँकरवर आपल्याकडे 'हायली इन्फ्लेमेबल', म्हणजे अत्यंत ज्वालाग्राही, असं लिहिलेलं असतं. त्यातला 'इन' नकाराचा नाही, पण तो तसा वाचून कुणी शेजारी बिडी शिलगावली तर व्याकरण समजावून सांगायला वेळ मिळायचा नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. अर्थ तोच, जोखीम कमी.

पुढचा नकार काढून उलटा शब्द करण्याचा हा खेळ आपल्याकडे खेळून पाहा. अजागळाचा उलटा जागळ? ऐकायला झकास, पण 'अजागळ'मधला 'अ' मुळी नकाराचाच नाही. तिथं अजा आहे, म्हणजे शेळी. तिच्या गळ्याशी लोंबणारे ते निरुपयोगी आचळ, त्यावरून हा शब्द आला. बेफाममधला फाम म्हणजे फारसीतली समज, पण कुणाला 'फाम माणूस' म्हणालात तर ती स्तुती आहे हे त्याला कळणार नाही. आणि अघोर म्हणजे शब्दशः भयंकर नसलेला, शंकराचं नाव. आपण मात्र अंगावर काटा आणणाऱ्या उपायालाच अघोरी म्हणतो!

पण थट्टा बाजूला ठेवून सांगतो, हा उद्योग आपल्या पूर्वजांनी इंग्रजांच्या कितीतरी आधी करून ठेवलेला आहे. ऋग्वेदात वरुणासारख्या देवालाही असुर म्हटलंय, आणि तिथं ती शिवी नाही. हा शब्द 'असु'वरून, म्हणजे प्राणावरून आला असं मानतात. पुढे असुर वाईट ठरले, त्यांच्या नावातला 'अ' लोकांना नकाराचा वाटला, आणि तो काढून उरलेल्या 'सुर'ला देवपण मिळालं. सगळे सुरवर एका चुकीच्या फोडीतून निघाले.

त्याहून कडी म्हणजे 'धव'. विधवा म्हणजे जिचा धव गेला ती, म्हणून धव म्हणजे नवरा. ही फोड थेट यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, सापडते. वास्तविक विधवा आणि इंग्रजीतली 'विडो' एकाच प्राचीन शब्दाच्या लेकी, आणि त्या शब्दात 'वि' हा उपसर्ग नव्हताच. हे म्हणजे 'विडो'मधला 'वि' सोडवून 'डो' म्हणजे नवरा असं जाहीर करण्यासारखं झालं. पण धव टिकला. त्याच्या जिवावर सधवा आली, आणि कीर्तनकार माधवाचा अर्थ लक्ष्मीचा धव असा सांगू लागले. आज या धवाकडे जन्माचा दाखला मागायला कुणी जात नाही. वुडहाऊसच्या त्या वाक्याला तर अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.