भाजीमंडईतले योद्धे

रविवारी मंडईतून भाजी आणायची आणि ओट्यावर पसरून निवडायची, हे आमच्या घरातलं माझं खातं. परवा पिशवी उपडी केली. गाजरं घरंगळली, मागून मुळा आला, आणि सगळ्यांत शेवटी एक गलेलठ्ठ ब्रोकोली दाणकन पडली. मला खुदकन हसू आलं. बायको म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "अगं, अख्खी भाऊबंदकी आलीये आपल्याकडे." तिने मुळा उचलला, वास घेतला आणि विषय सोडून दिला. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिला सवय आहे.

'ड्रॅगन बॉल झी' ही मारामारीची जपानी कार्टून मालिका आम्ही शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर बघायचो, ते जीव मुठीत धरून. त्यातला खलनायक फ्रीझा सांगायचा, हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं एपिसोडमागून एपिसोड संपायची नाहीत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अजून मारतायत का रे एकमेकांना? कालच तर मेला ना तो?" आम्हाला तिचा भयंकर राग यायचा. इतक्या गंभीर गोष्टीची अशी चेष्टा!

चेष्टा मुळातच होती, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. जपानीत भाजीला 'यासाई' म्हणतात. त्यातली अक्षरं फिरवली की होतं 'साईया'. म्हणजे विश्वातली सगळ्यांत खुनशी लढवय्यी जमात, सैयान, ही निव्वळ भाजी आहे. त्यातलाच आपला नायक गोकू, त्याचं खरं नाव काकारॉट, म्हणजे गाजर. त्याला न्यायला अंतराळातून आलेला सख्खा थोरला भाऊ रॅडिट्झ, म्हणजे मुळा. टकला नाप्पा म्हणजे चिनी कोबी. राजपुत्र व्हेजिटाच्या नावात तर व्हेजिटेबल उघडंच पडलंय, तरी आमच्या डोक्यात कधी प्रकाश पडला नाही. आणि या भाज्यांचा ग्रह कोणी उडवला? फ्रीझाने, म्हणजे फ्रीझरने. त्याचा थोरला भाऊ कूलर, बाप किंग कोल्ड. फ्रीझाच्या पदरी असलेल्या गिन्यू फोर्समध्ये दूध, क्रीम, लोणी, चीज आणि दही. अकिरा तोरियामा नावाच्या माणसाने 1984 ते 1995 अशी अकरा वर्षं दर आठवड्याला ही चित्रकथा काढली, आणि फ्रिज उघडून समोर दिसेल त्याला योद्धा केलं असावं, असं मला आता वाटतं. सैयानाची ताकद एकदम वाढून तो 'सुपर सैयान' झाल्यावर केस सोनेरी का होतात, यावर आम्ही शाळेच्या बसमध्ये केवढी चर्चा केली होती! तोरियामाने पुढे सांगून टाकलं की गोकूचे काळे केस शाईने भरण्यात मदतनिसाचा फार वेळ जायचा. केस कोरे ठेवले की काम वाचतं.

मला मालिकेपेक्षा सिनेमे जास्त आवडतात, आणि यावर मित्रांशी माझं आजही वाजतं. त्यांचं म्हणणं खरंच आहे: 'झी'चे 1989 ते 1995 या काळात आलेले तेरा सिनेमे मूळ कथेत कुठेच बसत नाहीत. गोकूचा साथीदार पिकोलो जिवंत हवा तेव्हा गोकू दुसऱ्या ग्रहावर असतो, गोकू घरी असतो तेव्हा दुसरंच कोणी मेलेलं असतं. पण ते सिनेमे बसवायचे म्हणून काढलेलेच नव्हते. जपानमध्ये शाळांना सुट्ट्या लागल्या की तोएई कंपनी पोरांसाठी दोन-तीन कार्टूनपटांचा एकत्र खेळ लावायची, त्यातला हा एक. साधारण तासाभराचा. म्हणजे तेवढ्यात नवा खलनायक आला पाहिजे, त्याने सगळ्यांना एकेक करून लोळवलं पाहिजे, गोकूच्या मुलाचा, गोहानचा, जीव जाणार इतक्यात पिकोलो टपकला पाहिजे आणि शेवटी गोकूने निकाल लावला पाहिजे. सुट्टीतल्या बालनाट्यासारखं. राक्षस कुठून आला, हे तिथे कोण विचारतं?

यातला 1993 चा ब्रोली, म्हणजे ब्रोकोली, हा राक्षस माझा विशेष लाडका. एवढा डोंगराएवढा माणूस, आकाशगंगा उद्ध्वस्त करत सुटलेला, त्याचा गोकूवर राग कशासाठी? तर जन्मल्यावर दोघांचे पाळणे शेजारी शेजारी होते आणि गोकू रडून रडून याला झोपू देत नव्हता. बस, एवढंच! मला हे अजिबात पोरकट वाटत नाही. आमच्या दोन चुलत काकांचं बोलणं एका आंब्याच्या पेटीवरून बंद झालंय, ते अजून बंदच आहे.

पुढच्याच वर्षी ब्रोली परत आला. त्या सिनेमाच्या शेवटी गोकू, गोहान आणि धाकटा गोतेन असे तिघे बापलेक मिळून कामेहामेहा, म्हणजे हातांतून निघणारा संहारक किरण, सोडतात. मूळ जपानीत ऐका एकदा. बाप आणि दोन्ही मुलं, तिघांचाही आवाज एकाच बाईचा, मासाको नोझावा यांचा. 2018 मध्ये ब्रोली नव्याने पडद्यावर आला तेव्हाही गोकू त्याच होत्या, वय वर्षं 82.

व्हेजिटाबद्दल लिहायला बसलो तर भाजी तशीच राहील. तरी दोन गोष्टी सांगतोच. 2013 च्या सिनेमात विनाशाचा देव बीरूस व्हेजिटाच्या बायकोच्या, बुल्माच्या, वाढदिवसाला येऊन बसतो आणि पुडिंग मिळालं नाही म्हणून चिडतो. त्याने पृथ्वी उडवू नये म्हणून हा जन्माचा ताठ राजपुत्र चक्क बिंगोचं गाणं म्हणत नाचतो. लग्नाच्या वरातीत एखाद्या करारी सासऱ्याला ओढून नाचायला लावतात ना, तेव्हाचा त्याचा चेहरा आठवा. आणि दुसरी, आयुष्यभर गोकूच्या मागे राहिलेला हा माणूस 2022 च्या सिनेमात सरावाच्या लढतीत त्याला एकदाचा हरवतो. पण कधी? नामावली संपल्यावर! मी थिएटरात होतो. अर्धे लोक पार्किंगकडे गेलेले, झाडूवाला पॉपकॉर्न गोळा करतोय, आणि पडद्यावर दोन दमलेले पुरुष ना किरण ना स्फोट, नुसत्या बुक्क्या मारतायत. गोकू पडला. व्हेजिटाने हात वर केले. मागच्या रांगेतला एक पोरगा आणि मी, दोघांनीच टाळ्या वाजवल्या.

2018 च्या ब्रोलीची पटकथा स्वतः तोरियामाची. पाळण्याचं कारण त्याने काढून टाकलं. इथला ब्रोली लहानपणीच एका ओसाड ग्रहावर टाकून दिलेला, बापाच्या धाकात वाढलेला, भिडस्त पोरगा आहे. फ्रीझा त्याला लढायला आणतो. या फ्रीझाला इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनकडून काय हवंय, तर उंची पाच सेंटिमीटर वाढवून. गोकू आणि व्हेजिटा बोटाला बोट लावून एक होण्याचा नाच करतात तो दोनदा फसतो, एकदा जाडा निघतो, एकदा वाळकुडा, आणि तोवर तिकडे फ्रीझा एकटा तासभर मार खातो. फ्रीझरला ब्रोकोलीने तासभर बडवलं, असं मी बायकोला सांगून बघितलं. ती म्हणाली, "गाजरं सोल."

शेवटी लढाई अर्धवटच राहते आणि ब्रोली त्याच्या ग्रहावर परततो. मग गोकू एक दिवस त्याच्याकडे जातो, राहायला घर आणि खाण्यापिण्याचं सामान घेऊन. निघताना आपलं नाव सांगतो, सोन गोकू. थोडा थांबतो आणि पुढे जोडतो, काकारॉट. मुळा न्यायला आला होता तेव्हा हेच नाव त्याने साफ नाकारलं होतं.

तेवढ्यात गाजरं सोलून झाली. ब्रोकोलीचे तुरे मीठ घातलेल्या गरम पाण्यात सोडले. तिच्यात अळ्या असतात कधी कधी. मुळा उग्र निघाला, त्याला दह्यात टाकला.