तुम्ही विचारलंत म्हणून: तयार खडा मिळत असताना मी दगड का घासते?

अकिकाचा, म्हणजे अ‍ॅगेटचा, गोल, गुळगुळीत, चकचकीत खडा बाजारात स्वस्तात मिळतो, हव्या त्या मापाचा मिळतो, मग तुम्ही गच्चीवर तासन्‌तास का घासत बसता? जाऊबाईंनी विचारलं, ओळखीच्या सोनाराने विचारलं, मोटरच्या आवाजाने त्रासलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर अनेकदा विचारलं. "आवड आहे" म्हटलं की विषय संपतो, म्हणून मी बहुतेकदा तेवढंच म्हणत आले. ते खोटं नाही. पण पुरेसंही नाही, आणि आता मला नीट सांगायचं आहे.

दोन गोष्टी आधी बाजूला काढते. मी खडे विकत नाही. आणि कुठला खडा कुणाला लाभतो यातलं मला काही कळत नाही, त्यामुळे ते विचारू नका.

माझं माहेर पैठणजवळचं. आमच्या भागात विहीर खणताना काळ्या दगडातून अकिकाचे गोटे निघतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतून थरावर थर चढत गेले. लहानपणी आम्ही याच गोट्यांना गारगोट्या म्हणायचो आणि अंधारात एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडायचो. आतले पट्टे मी पाहिले ते चाळिशी उलटल्यावर, पहिला गोटा करवतीने कापला तेव्हा. बाहेरून मातकट, खरबरीत, आणि आत राखाडी, दुधी, तपकिरी रेघा, किल्ल्याच्या तटबंदीसारख्या एकात एक वळलेल्या. माझ्याच बापाच्या शेतातलं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तेव्हापासून मी यात आहे.

काम सगळं धीराचं आहे, असं बघणारे म्हणतात. मला धीर धरावा लागत नाही. चकतीवर अंडाकार आखायचा, कडा छाटायच्या, चकती लाख-मेणाने काडीवर पक्की बसवायची आणि 80 नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत खरखरीत, चाकावर घुमट घडवायला घ्यायचा. मग बारीक होत जाणारी चाकं, 220, 600, 1200, 3000, शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइड, ही चकाकी आणणारी पूड. ओल्या दगडावर ओरखडे लपतात, म्हणून प्रत्येक चाकानंतर तो पुसून कोरडा करायचा आणि दिव्याखाली तिरपा धरायचा. 1200 वर गेल्यावर 80 नंबरचा एखादा ओरखडा दिसला, तर निमूटपणे मागे यायचं. वरचं चाक खालच्या चाकाचं काम करत नाही. त्या वेळात डोक्यात दुसरं काही नसतं. एवढ्यासाठीसुद्धा मी हे केलं असतं.

सुरुवातीच्या काळात मला कुणी विचारलं की मी हाताच्या कामाबद्दल खूप बोलायचे. यंत्राच्या मालाला आत्मा नसतो, वगैरे. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, बाई, तो स्वस्त खडासुद्धा हातानेच होतो. फक्त तो हात तू पाहिलेला नाहीस.

मी तो गुजरातेतल्या खंभातला पाहिला. मामेभावाची बदली आणंदला झाली होती, तिथून खंभात जवळ. मला त्या गावाचं फार कौतुक होतं, आणि अजून आहे. हडप्पाकाळापासून त्या भागात अकिकाचे मणी होतात. तिथले लाल मणी पार मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, उर नावाच्या प्राचीन शहरातल्या थडग्यांत सापडले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तर लिहून ठेवलंय, की पैठणहून असले दगड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला जातात. म्हणजे माझ्या गावचा दगड गुजरातेत जायची वाट दोन हजार वर्षं जुनी. मीही एक दगड पिशवीत घेऊनच गेले होते. आमच्या विहिरीतला, सगळ्यांत सुंदर रेघांचा. त्याला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.

एका घरात आम्हाला नेलं. पुढच्या खोलीत एक जण जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळीच्या टोकाला दगड टेकवून, म्हशीच्या शिंगाचं डोकं असलेल्या हातोडीने टवके काढत होता. आतल्या खोलीत म्हातारे कारीगर चाकाशी बसले होते. मी दगड दिला, कसा हवा ते दाखवलं. त्यांनी तो दोनदा बोटांत फिरवला आणि चाकाला लावला. मला ज्या घुमटाला अख्खी संध्याकाळ लागते तो त्यांनी बघता बघता उतरवला. सगळ्या बाजूंनी सारखा उतार, रेघांचं केंद्र बरोबर माथ्यावर. मी खूश होऊन वाकून बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की मला त्यांचे हात नीट दिसत नाहीत.

चाकावर पाणी नव्हतं. दगडाची भुकटी सरळ हवेत उडत होती. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या, भिंती पांढऱ्या होत्या, दारातल्या पाळण्यावर टाकलेली ओढणी पांढरी झाली होती, आणि पाळण्यात बाळ होतं. मी विचारलं, काका, पानी क्यों नहीं डालते? ते म्हणाले, "बेन, पानी से टाइम जाता है. पैसा नंग पे मिलता है." मजुरी नगावर. उठून दिव्यापाशी गेले ती चार पावलं असतील, तेवढ्याने त्यांना धाप लागली. मुलाने सांगितलं, टीबीची औषधं कितीदा झाली, फरक पडत नाही. धाकट्या काकांचंही असंच झालं होतं, ते गेले.

टीबी होता की नाही, हे मी ठरवणारी कोण? पण घरी येऊन मी वाचत गेले. अकीक म्हणजे सिलिका. तिची नजरेला न दिसणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते, तिथे व्रण पडत जातात, आणि ते भरून येत नाहीत. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो टीबी समजला जाणं नेहमीचं आहे. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर होतो. खंभातच्या अकीक कारागिरांचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे, धूळ ओढून घेणारी साधनंही सुचवली आहेत. 1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग म्हणून नोंदलेला होता. पण चार माणसांचं घर कायद्याच्या लेखी कारखाना ठरत नाही.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी मागितली ती रक्कम इतकी कमी होती की मी जास्त दिले. त्यांनी ते ठेवून घेतले, आणि विचारलं, "ऑर्डर है क्या? सौ-दो सौ नंग का हो तो भेजो." मी नाही म्हटलं. आणि घरी येऊन ठरवलं की तयार खडा पुन्हा विकत घ्यायचा नाही.

त्यांनी माझ्याकडे काम मागितलं होतं. मी काम न देण्याचा निर्णय घेतला आणि त्याला तत्त्व म्हटलं.

माझ्या या निर्णयाने त्या खोलीतली चिमूटभर धूळ कमी झाली नाही, हे मला कळतं. उलट कुणी म्हणेल, तुझ्याकडे पगार होता, मोटर होती, नळाला पाणी होतं, तू छंद म्हणून घासतेस. त्यांचं पोटच त्यावर आहे. बरोबर आहे. मग मी काय करायचं होतं? शंभर नगांची ऑर्डर देऊन त्या छातीत आणखी धूळ भरायची होती? पाण्यावर घासलेल्या मालाला जास्त पैसे देईन, असं मी त्यांना म्हणू शकले असते. त्या क्षणी सुचलं नाही. पुढे एका व्यापाऱ्याला सुचवलं तेव्हा तो म्हणाला, ताई, माल एक नंबर आहे, घासतात कसा ते कोण विचारतं?

माझ्या चाकावर पाणी सतत चालू असतं. तुषारांतही सिलिका असते म्हणून मी मास्क लावते, आणि वाळलेला गाळ झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते. मला खोकला आला की घरातले बघतात. तेव्हा मला ते पाळण्यातलं बाळ आठवतं. ते आता शाळेत जात असेल, किंवा चाकावर बसत असेल.

जाऊबाई परवा म्हणाल्या, तू एवढं मनाला लावून घेतेस तर दगडच सोड ना. मी सोडणार नाही. मला हे काम फार आवडतं, खंभातच्या आधीही आवडत होतं, आणि त्या म्हाताऱ्या कारागिरांनी रेघांचं केंद्र माथ्यावर कसं आणलं ते मी अजून शिकते आहे. त्यांच्याकडूनच शिकते आहे, असंही म्हणता येईल.

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात आहेरासाठी अकिकाची लॉकेटं घ्यायचं ठरलं. मला विचारलं तेव्हा मी घ्या म्हटलं नाही, घेऊ नका असंही म्हटलं नाही. विकणाऱ्याला विचारायला दोन प्रश्न लिहून दिले: दगड पाण्यावर घासतात का, आणि धूळ ओढायचं यंत्र आहे का. उत्तर आलं नाही. लॉकेटं आली, सगळ्यांना आवडली. त्यांतलं एखादं त्या घरातून आलं असेल, तर त्यांना काम मिळालं हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.