उभ्या उभ्या नाशिक

ठाण्याहून नाशिकला जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, एवढंच ठरवायचं होतं. त्याला आमच्या घरात तीन आठवडे लागले.

निमित्त मावशीच्या फोनचं. वर्षाच्या पहिल्या तारखेला तिने आईला फोन केला आणि नवीन वर्षाच्या शुभेच्छा वगैरे काही न देता सरळ सुनावलं, "दोन संक्रांती झाल्या, तू आली नाहीस. या वेळी रथसप्तमीच्या आत तिळगूळ घ्यायला ये, नाहीतर माझ्याशी गोड बोलू नकोस." आईने फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, येऊ की मावशी, एका रविवारी सकाळी निघू, संध्याकाळी परत. पलीकडे दोन-चार सेकंद काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"राहणार नाही?"

"नाही गं, सोमवारी सगळ्यांनाच..."

"उभ्या उभ्या यायला माझं घर काय एसटी स्टँड आहे?"

खरं तर तिचंही बरोबर आहे. ती ज्या काळात वाढली त्यात ठाणे-नाशिक हा प्रवास होता. वळकटी नसेल, पण निदान एक बॅग, दोन मुक्काम, आणि निघताना डोळ्यांत पाणी एवढं तर हवंच. आता जेमतेम दीडशे किलोमीटर म्हटल्यावर आपण त्याला 'जाऊन येऊ' म्हणतो, तोंडातून एकाच श्वासात बाहेर पडतं ते. वाण्याकडे जाऊन येतो तसं.

तर ४ जानेवारीच्या रविवारी आम्ही कालनिर्णय खाली काढून बसलो. आमच्या कालनिर्णयावर तारखेच्या चौकोनात दुधाचे खाडे, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या आणि सिलिंडर लावल्याची खूण एवढं सगळं असतं, त्यामुळे मोकळा चौकोन शोधणं हेच एक काम. त्यात तिळगुळाची अट. संक्रांत ते रथसप्तमी या पट्ट्यात यंदा रविवार दोनच, १८ आणि २५. अठराला अमावास्या.

"मी काही मानत नाही," आई म्हणाली, "पण मुद्दाम कशाला?"

राहिला पंचवीस. त्यावर नवऱ्याने कपाळाला हात लावला. शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी. म्हणजे इगतपुरीच्या रिसॉर्टवाले, शिर्डीवाले, त्र्यंबकवाले आणि नुसतेच 'कुठेतरी जाऊ'वाले, सगळे त्याच रस्त्यावर. वर हा सोसायटीचा सेक्रेटरी. सोमवारी सकाळी आठला झेंडावंदन. झेंडा, दोरी, लाऊडस्पीकर आणि जिलेबीची ऑर्डर याच्या ताब्यात. म्हणजे रविवारी रात्री घरी पोचणं हा आमच्यासाठी प्रजासत्ताकाचाच प्रश्न. त्याने आईला समजावून पाहिलं की सुट्टी काढून मधल्या वारी जाऊ, रस्ता रिकामा मिळेल. आई ढिम्म. "रथसप्तमी आहे. सूर्यनारायण रथात बसतात, आपण गाडीत बसू."

जावयाने यावर काय बोलायचं? पंचवीस ठरली.

एका दिवसाच्या सहलीची गंमत अशी, की ती शेवटाकडून आखावी लागते. मुक्कामाच्या सहलीत माणूस निघायचं कधी ते ठरवतो, परतीचं परतीला बघू म्हणतो. इथे नवऱ्याने कागद घेतला आणि सगळ्यात आधी खाली लिहिलं: माजिवडा, संध्याकाळी ६.३०. मग ठाण्यातल्या या शेवटच्या नाक्यापासून उलटं चढत गेला. माजिवड्याला साडेसहा हवे असतील तर खारेगावचा पूल सव्वासहाला, रांजनोली नाका पावणेसहाला, म्हणजे पडघ्याचा टोल सव्वापाचला, म्हणजे घाट सव्वाचारला उतरून झालेला, म्हणजे मावशीच्या उंबऱ्याबाहेर पाऊल अडीचला. "बाहेर म्हणजे बाहेर. चप्पल घालून परत दारात अर्धा तास बोलणं धरून नाही." ते अर्धा तास बोलणं त्याने मागाहून वेगळ्या रकान्यात धरलं. लग्नाला बावीस वर्षं झाली आहेत, अनुभव बोलतो. कागदाच्या डोक्यावर 'माणसं: ४' असंही लिहिलं होतं, ते कशाला कोण जाणे.

हा धसका उगाच नाही. तीन वर्षांपूर्वी असेच एका दिवसात जाऊन आलो होतो, तेव्हा नाशिक ते वडपे सव्वादोन तासांत आलो आणि वडपे ते माजिवडा अडीच तासांत. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे आणि तिथून निघालेले कंटेनर, रुंदीकरणासाठी उकरलेला रस्ता, मध्येच वळवलेली लेन. शेजारच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरून आमच्या बरोबरीने चालत होता आणि मधूनमधून पुढेही जात होता. त्याच्याकडून आम्हाला शेंगदाणे मिळाले. आई अजून त्या मुलाची आठवण काढते.

आता मार्गाचा प्रश्न. पूर्वी प्रश्नच नव्हता, मुंबई-आग्रा रोड, तीन नंबरचा हायवे, नाकासमोर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव समृद्धीचे. कसाऱ्याच्या डोंगरातून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, घाटाची वळणं गायब, आमणेला चढा आणि इगतपुरीला उतरून नाशिकचा रस्ता धरा. नवरा जुन्या हायवेचा. ऑगस्टमध्ये त्याने ३,००० रुपयांचा फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय, २०० फेऱ्यांचा, आणि तो चालतो राष्ट्रीय महामार्गावर. समृद्धी राज्याचा, तिथे टोल वेगळा मोजावा लागतो. पास काढल्यापासून तो टोलनाक्यावरून जाताना असा काही खूश असतो की नाका लागावा म्हणूनच प्रवास करतोय असं वाटावं. आणि मुळात आमणेला पोचायचं तर माजिवडा ते वडपे पार करावंच लागतं. समृद्धी त्यापुढे.

निकाल आईने लावला. "बोगद्यातून गेलो तर घाटनदेवीला नमस्कार कुठे करायचा?"

घाट चढून वर आलं की इगतपुरीच्या तोंडाशी घाटनदेवी. बाबा होते तेव्हा स्टिअरिंगवरचा एक हात सुटून कपाळाला लागायचा, आणि आई ओरडायची, "दोन्ही हात तिकडे ठेवा, मी करते तुमच्या वाटचा." आईचा त्या घाटाशी संबंध जुना आहे. लहानपणी आगगाडीने जायची, तेव्हा कसाऱ्याला गाडी थांबून मागे जादा इंजिनं लागायची. थळ घाटातली ही लाइन १८६५ची, चढ सदतीस फुटांना एक फूट, एकट्या इंजिनाचं काम नाही. आई आणि मावशी खिडकीत बसून मागून धक्का कधी बसतो त्याची वाट बघायच्या. ज्या खिडकीला आधी कळेल तिने दुसरीला चिमटा काढायचा. "ताईच जास्त काढायची," असं आई परवा म्हणाली आणि दंड चोळला. सत्तर वर्षं झाली असतील त्या चिमट्याला.

जाताना घाट, येताना उशीर झाला तर बोगदा, अशी तडजोड झाली.

रेल्वेचाही विचार करून पाहिला. पण पंचवटी एक्सप्रेस ही नाशिककरांची गाडी. सकाळी त्यांना मुंबईला आणायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. डब्यात पत्त्यांचे डाव ठरलेले, जागा ठरलेल्या. ठाणेकराला ती बरोबर उलटी. आई तेव्हा भाजी निवडत होती. "उलटीच आहे," म्हणाली आणि मेथीची काडी मोडली.

दरम्यान सोसायटीत बातमी पसरली होती. आपण कुठे निघालोय हे कळलं की प्रत्येक इमारतीत एक काका असतात ज्यांना शॉर्टकट माहीत असतो. आमचे दुसऱ्या मजल्यावरचे. लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाले, "हायवेच्या नादाला लागू नका. सरळ जव्हार, मोखाडा करत त्र्यंबकला निघा. रस्त्यावर कुत्रं नाही." मी घरी येऊन नकाशा पाहिला. कुत्रं नसेल, पण त्या रस्त्याने आम्ही मावशीकडे रात्रीच्या जेवणालाच पोचलो असतो.

आणि जेवणाचं राहिलंच. आमची योजना अशी की पहाटे पाचला निघायचं, साडेआठच्या सुमाराला नाशिकात शिरता शिरता मिसळ खायची आणि दहाला मावशीकडे. मामलेदार मिसळीच्या गावचा माणूस दीडशे किलोमीटर गाडी हाकून दुसऱ्या गावची मिसळ खायला का जातो, हे समजण्यासाठी दोन्ही खाल्लेल्या असाव्या लागतात. मामलेदार ही परीक्षा आहे. ऐन उन्हाळ्यातही लोक घाम पुसत 'अजून थोडा रस्सा' म्हणतात. नाशिकला पापड येतो, दही येतं, शेजारी जिलेबी येते, बसायला झाड असतं. चिरंजीवांच्या मते हाच सहलीचा खरा हेतू. मी बिचारी मावशीला फोनवर सांगून बसले, नाश्त्याचं काही करू नकोस, आम्ही मिसळ खाऊनच येऊ.

"माझ्या दारात पोट भरून येणार?" एवढंच म्हणाली. पुढचे दोन दिवस आईचा फोनही तिने एका वाक्यात आटपला. शेवटी मिसळ रद्द. नाश्ता मावशीकडे, जेवण मावशीकडे, निघताना डबा मावशीकडून. चिरंजीव दोन दिवस हिरमुसून होते. मग कुणीतरी त्यांना मावशीच्या हातची मांडे आणि आमरस... नाही, आमरस जानेवारीत कुठला. खीर. मांडे आणि खिरीची आठवण करून दिली, तेव्हा स्वारी सावरली.

'पाचला निघायचं' यावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता. आमच्याकडे पाच म्हणजे सहा दहा. हे नवऱ्याला माहीत असल्यामुळे तो सगळ्यांना साडेचार सांगतो, आणि तो साडेचार सांगतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे आम्ही सहाचाच हिशेब धरतो. एकट्या आईला हे गणित जमत नाही. तिला साडेचार सांगितलं की ती साडेतीनला आंघोळ करून, केसांत फूल माळायच्या बेतात, पिशवी मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसलेली असते. दिवा न लावता, 'तुमची झोपमोड नको म्हणून'. पाण्याला उठलेल्या माणसाचा जीव जायचा बाकी राहतो.

चोवीसला संध्याकाळी नवरा गाडी घेऊन पंपावर गेला. पेट्रोल भरलं, हवा तपासली, स्टेपनीत हवाच नाही असं लक्षात आलं, ती भरली. पीयूसी संपायला चार दिवस होते. त्याला फार बरं वाटलं. मी आईची प्रवासाची पिशवी बघायला घेतली, कारण घाटात तिला गाडी लागते आणि आलेपाक, लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या वर हाताशी हव्यात.

आलेपाक वरच होता. तिळाच्या लाडवांचा डबा, मावशीसाठी घेतलेलं ब्लाउजपीस, लिंबू. त्याखाली एक साडी. सांडलं-लवंडलं तर असू दे म्हणून असेल. तिच्याखाली दुसरी साडी. मग गाऊन, टूथब्रश, आणि रुमालात गुंडाळलेली तिची गोळ्यांची डबी, वारांच्या खणांची. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार भरलेले. गुरुवारच्या खणात फक्त सकाळची गोळी.

कडेच्या कप्प्यात चार घड्या घातलेला एक कागद होता. चिरंजीवांच्या प्रिंटरची शाई डाव्या बाजूला फिकट उमटते, ती ओळखीची. गुरुवार, २९ जानेवारी. पंचवटी एक्सप्रेस, नाशिक रोड ते ठाणे, खिडकीची सीट. बुकिंगची तारीख ३ जानेवारी.

हॉलमध्ये आई नातवाशेजारी बसून बातम्या बघत होती. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, जरा जास्तच पाहिलं नाही. मी सगळं होतं तसं ठेवून पिशवीची चेन लावली. फ्रिजवर नवऱ्याचा कागद लावलेला होता, तिथे जाऊन वरच्या ओळीखाली लिहिलं: येताना ३.