स्लॅशर घ्यावा की मल्चर? खोडव्याच्या पाचटातला माझा अनुभव

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी शिवारात कुठं ना कुठं धूर दिसतोच. आम्हीही पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात उरलेला उसाचा वाळका पाला, पेटवायचो. आण्णांचं म्हणणं एवढंच असायचं, की पाचटात पाणी पुढं सरकत नाही, उंदीर माजतात, कुठलंच औजार धड चालत नाही, मग ते ठेवून करायचं काय? २०२१ च्या जानेवारीत आमची आग बांध ओलांडून चुलतभावाच्या उभ्या उसात शिरली. माणसं धावली म्हणून चार-पाच गुंठ्यांवर निभावलं. जळका ऊस कारखान्याला जातो, पण वजनात आणि दरात मार खातो. ती भरपाई आम्ही दिली, आणि त्या रात्रीच घरात ठरलं की यापुढं पाचटाला काडी लावायची नाही.

ठरवणं सोपं होतं. एका हेक्टरच्या उसात आठ ते दहा टन पाचट निघतं. आमचा सहा एकर ऊस, को ८६०३२ जातीचा, साडेचार फुटी सरी. एवढं पाचट माणसं लावून सरीआड सरी ओढून घ्यायचं तर मजूर मिळत नाहीत. म्हणजे यंत्र आलंच. गावात दोन प्रकारची यंत्रं होती, आणि जो तो आपलंच खरं म्हणून सांगत होता.

स्लॅशर म्हणजे लोखंडी छताखाली मधोमध गिअरबॉक्स आणि त्याला जमिनीला समांतर फिरणारी दोन जाड पाती. घरातल्या पंख्यासारखी फिरतात म्हणा. मल्चरचा रोटर आडवा असतो, रोटाव्हेटरसारखा. त्याला वाय आकाराची किंवा हातोडीसारखी तीस-चाळीस पाती लोंबकळत असतात. रोटर फिरला की ती बाहेर फेकली जातात आणि समोर येईल त्याची कुट्टी करतात. मागं रोलर असतो, यंत्र किती उंचीवर चालवायचं ते त्यावर ठरतं. माझ्या चौकशीत पाच फुटी स्लॅशर पन्नास हजारांच्या आसपास आणि मल्चर पावणेदोन लाखांच्या पुढं. एवढा फरक ऐकल्यावर कुणीही स्लॅशरच बघणार. मीही तेच केलं, फक्त विकत घेण्याआधी एका मित्राचा दोन दिवस मागून आणला. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आधी मागून आणा आणि आपल्याच रानात चालवा.

बांधावर स्लॅशरनं जीव खूश केला. कमरेएवढं गवत, घाणेरीची झुडपं, अंगठ्याएवढी बाभळीची रोपं, सगळं एका फेरीत आडवं. ओढ्याकडेच्या पड जागेत दीड तासात काम संपलं. मग पाचटात घातला. पाती वरचं पाचट कापत होती, पण कापलेलं एका बाजूला ढकलून त्याची ओळ लावत होती. मागं वळून पाहिलं तर एका पट्ट्यात गुडघाभर ढीग आणि शेजारी बोडकी जमीन. तुकडे हातभर लांब. मी एक उचलून ओढला तर त्याच्यामागं दुसरे चार गुंतून आले. असं पाचट पावसाळ्यापर्यंत कुजणार नाही, आणि ढिगाखालचा खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा, कोंब पिवळा पडून मरणार.

त्याच दुपारी दुसरी गोष्ट घडली. तिच्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसलो. आमचा ट्रॅक्टर ४२ एचपीचा, सिंगल क्लचचा. म्हणजे चाकांना आणि पीटीओला, औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, एकच क्लच. सरीच्या टोकाला पाण्याचा पाट आहे. तिथं वळायला मी क्लच दाबला, आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. क्लच पूर्ण खाली, तरी गाडी पुढं चाललेली. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा पुढची चाकं पाटाच्या काठावर होती. घरी येऊन मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "दादा, क्लच दाबला की इंजिन सुटतं. पण सिंगल क्लचमध्ये पीटीओ आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. खाली दोन जड पाती गरगरा फिरतायत, ती उलटी तुमच्या गाडीला ढकलणार." पीटीओ शाफ्टवर एकाच बाजूनं जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवला की हा धोका जातो. तो भाग स्वस्त आहे. स्लॅशरसोबत कुणी तो देत नाही आणि कुणी सांगतही नाही. ज्यांचा ट्रॅक्टर जुना सिंगल क्लचचा आहे त्यांनी तो बसवल्याशिवाय स्लॅशर जोडू नये.

आणि दगड. पीटीओचे ५४० फेरे गिअरबॉक्समध्ये दीडपट झाले तर पाच फुटी स्लॅशरच्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या वर फिरतं. ओढ्याकाठी एक गोटा सुटला तो वीस-पंचवीस पावलांवरच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडून गेला. तिथं आमच्या घरचे धुणी धुतात. त्या वेळी कुणी नव्हतं. मल्चरही दगड उडवतो, पण त्याचा बंदिस्त पत्रा, मागचा रोलर आणि पुढच्या साखळ्या बरंच अडवतात. तरी चालू यंत्रामागं मी कुणाला फिरकू देत नाही.

मल्चर बघायला तासगावकडं गेलो. तिथं द्राक्षाच्या छाटणीनंतर काड्या ओळीत टाकून त्यावर मल्चर फिरवतात. बोटभर जाडीच्या काड्यांचा अक्षरशः भुगा झालेला, आणि तो वेलींच्या दोन ओळींमध्ये सारखा पसरलेला. मूठभर उचलून पाहिला, सगळ्यात मोठा तुकडा माझ्या करंगळीएवढा. माझा निर्णय तिथंच झाला. मला पाचट नुसतं कापायचं नव्हतं, ते रानातच सारखं अंथरायचं होतं.

विक्रेत्यानं सहा फुटी यंत्र गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला. ४२ एचपी हा इंजिनाचा आकडा, पीटीओला त्यातले ३५-३६ पोहोचतात. ओलसर पाचटात सहा फुटी रोटर तेवढ्यावर दम तोडतो. मी पाच फुटी घेतला आणि गिअरबॉक्समध्ये फ्रीव्हील, म्हणजे ओव्हररनिंग क्लचचंच काम करणारा भाग, आहे का हे आधी पाहिलं. हातोडी पाती जाड फांद्यांना, कपाशीच्या पऱ्हाटीला चांगली. पाचटाला आणि गवताला वाय पाती घेतली.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज केला. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान बुडालं म्हणून समजा. यंत्राचा अधिकृत तपासणी अहवाल लागतो. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या स्वस्त यंत्राला तो नसतो, तेव्हा किमतीची तुलना करताना हे धरा. आमचा अर्ज सौ.च्या नावावर होता. जमीन तिच्या नावावर आहे म्हणून, आणि कागदपत्रं तीच नीट ठेवते म्हणूनही.

२०२३ च्या जानेवारीत तोड झाली आणि पाचव्या दिवशी मल्चर रानात घातला. खोडवा ठेवायचा तर ऊस १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेला असावा, आणि कोंब वर यायच्या आत मल्चर फिरून गेला पाहिजे. उशीर झाला तर चाकाखाली कोंबच मोडतात. लो गिअरमध्ये ताशी अडीच किलोमीटरनं एकराला दीड तास लागला, डिझेल आठ-नऊ लिटर. इनलाइन ठिबकच्या नळ्या आधी गोळा केल्या होत्या. एक राहिली. ती रोटरला अशी गुंडाळली की विळा आणि पक्कड घेऊन दोघं तासभर खाली झोपून काढत होतो. इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. आता नळ्या मोजूनच बाहेर काढतो.

सगळंच छान झालं असं नाही. चाकं सरीत आणि मल्चर वरंब्यावर, त्यामुळं खोल सरीच्या तळातलं पाचट न कापता दबून राहतं. ते पाणी दिल्यावर बसतं, पण पहिलं पाणी संथ जातं, हे आण्णांचं म्हणणं खरंच आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचं कामही मल्चरवर सोडू नये. पाती खाली टेकवून छाटायला गेलं की माती खातात, बोथट होतात आणि बुडखा चिरफाळतो. ते आम्ही कुऱ्हाडीनं वेगळं करतो आणि लगेच बुरशीनाशक फवारतो. कुट्टीवर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, मग पाणी.

दुसऱ्या वर्षी एक पातं तुटलं. तेवढं एकच नवं बसवलं आणि काम चालू ठेवलं. अर्ध्या तासात स्टीअरिंगवर हाताला मुंग्या यायला लागल्या आणि एकराच्या आत रोटरच्या डाव्या बाजूचं बेअरिंग जळालं. झिजलेल्या पात्यांत एक नवं जड पातं आलं की रोटरचा तोल जातो. बदलायचं तर समोरासमोरची जोडी एकाच वजनाची बदलावी लागते, आणि ही पाती मी आता किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणतो. स्लॅशरला ही कटकट नाही. त्याची दोनच पाती, घासायला अर्धा तास पुरतो.

म्हणून ज्याच्याकडं नुसती पड जमीन, बांध, नारळाची किंवा आंब्याची जुनी बाग आहे आणि खालचं गवत कापून पडलं तरी चालतं, त्यानं मल्चरला पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या बांधांना अजूनही तोच मागून आणलेला स्लॅशर चालतो, आता ओव्हररनिंग क्लच बसवलेला. बदल्यात मित्राच्या तीन एकर खोडव्यात मी मल्चर फिरवून देतो.

मागच्या मे महिन्यात पाणी देऊन अठरा दिवस झाले होते. चुलतभाऊ बांधावर आला, खाली वाकून पाचटाची कुट्टी हातानं बाजूला केली आणि ओली माती मुठीत दाबून बघितली. त्याच्या रानात तोवर भेगा पडल्या होत्या. काही न बोलता गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "जानेवारीत आमचंही करशील का? डिझेल माझं."

त्याचे साडेतीन एकर धरून या हंगामात साडेबारा एकर होतील. दिवाळीआधी मल्चरचे तिन्ही बेल्ट बदलून घेतले पाहिजेत.