उंच करायला आलेली गाडी

गिऱ्हाइकाने माझ्या गॅरेजमधल्या बाकावर पिशवी उलटी केली. दोन ॲल्युमिनियमचे ठोकळे, प्रत्येकी ७५ मिमी उंच, आणि लांब शॅकलच्या, म्हणजे मागच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला लटकवणाऱ्या पट्ट्यांच्या, दोन जोड्या. सगळं कोरं, चकचकीत.

"दादा, एवढं बसवून द्या. गाडी चार बोटं वर आली की माझं काम झालं."

गाडी वीसेक वर्षांची फोर-व्हील पिकअप होती. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थप्पीची स्प्रिंग. तो मधमाश्या पाळतो. फुलोऱ्याप्रमाणे पेट्या हलवाव्या लागतात आणि शेवटचे सात किलोमीटर रस्ता असा नाहीच, ओढ्यातले गोटे आणि पावसाने कापलेल्या घळी. मागच्या खेपेला बारा पेट्यांपैकी चार पेट्यांतली पोळी चौकटीतून निखळली होती. त्यातली एक चौकट त्याने सोबत आणली होती. पोळं मधोमध दुभंगलेलं, मध ओघळून लाकडावर वाळलेला. ठोकळ्यांपेक्षा मी त्या चौकटीकडेच जास्त वेळ पाहत राहिलो.

पैसे मोजके होते आणि ते त्याने आधीच स्पष्ट सांगितलं. असा माणूस मला बरा वाटतो, कारण मग प्रत्येक भागासमोर थांबून विचार करावा लागतो.

काहीही उघडण्याआधी मी गाडी मागच्या मातीच्या उंचवट्यांवर घेतली. पुढचं डावं चाक एकावर, मागचं उजवं दुसऱ्यावर. मागचं डावं चाक हवेत गेलं. टायर आणि जमीन यांच्यात माझी उभी वीत मावली. गाडी उंचीला कमी नव्हती, तिचे पाय आखडले होते. चाक खड्ड्यात उतरत नसेल, तर खड्ड्याचा सगळा धक्का चेसिसला आणि चेसिसवरून पेटीला बसतो.

मग पुढची बाजू. चेसिसखाली जॅक लावून हळूहळू उचललं, तर जेमतेम २५ मिमी वर येताच चाक जमिनीवरून सुटलं. चाकाला धरणारा वरचा आर्म खालच्या रबराला टेकल्यातच जमा होता. आधी कुणीतरी टॉर्शन बारचे बोल्ट शेवटपर्यंत आवळून नाक वर केलेलं. बिनपैशाची उंची म्हणून हे सर्रास करतात. पण बोल्ट आवळल्याने बार कडक होत नाही. त्याचा कडकपणा जाडी आणि लांबीवर ठरतो. बदलते ती फक्त गाडी उभी राहण्याची जागा. चाकाला खाली जायला ठेवलेली जागा उभ्या उभ्या खर्च होऊन जाते, आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म रबरावर आपटतो. शिवाय चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा सतत तिरका फिरतो. डाव्या बाजूच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस रिमभर उडालं होतं, ते त्यामुळेच.

मी त्याला म्हटलं, "पुढून गाडी २० मिमी खाली घ्यायची."

त्याचा चेहरा पडला. "मी वर करायला आणली, आणि तुम्ही खाली करताय?"

त्याचा राग मला समजत होता. दोन्ही चाकं लटकती ठेवून बोल्ट मोजून सैल केले, गाडी जमिनीवर घेतली, पुढेमागे ढकलून बसू दिली आणि पुन्हा मापलं. मग त्यालाच जॅक मारायला लावला. आता चाक सुटायला ४५ मिमी लागले. तो काही बोलला नाही, पण फूटपट्टी त्याने हातात घेतली ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

मागे खरं काम होतं. पाटा दबला की सपाट होतो, आणि सपाट झाला की लांबतो. ती लांबी घ्यायला मागच्या टोकाला शॅकल झुलते. ह्या गाडीच्या दोन्ही शॅकल गंजून जाम. बुशमधली, म्हणजे सांध्यातल्या रबरी वेढ्यातली, नळी बोल्टला धरून बसलेली, रबराचा भुगा झालेला. बोल्ट शेवटी कापूनच काढावे लागले, त्यात दीड तास गेला. अशा पाट्यांखाली ठोकळा घातला असता तर गाडी वर आली असती खरी, पण तशीच आखडलेली राहिली असती.

पाट्यांची थप्पी शिकंज्यात दाबून मगच तिला मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडला. न दाबता सोडला तर ताणलेले पाटे उसळतात आणि बोटं जातात. माझ्या मदतनीस पोराला हे मी दरवेळी सांगतो, आणि तो दरवेळी ऐकतो. पाटे सुटे झाले. मी मेन पाटे, म्हणजे चेसिसला जोडलेले सगळ्यात लांब पाटे, तारेच्या ब्रशने घासले, रॉकेलने पुसले, कोरडे केले आणि त्यावर खडूची पूड घासली. हे माझ्या गुरूंनी शिकवलेलं. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.

डाव्या बाजूचा पाटा कोरा राहिला. उजव्यावर पाचेक मिनिटांनी, सेंटर बोल्टच्या भोकापासून निघून कडेकडे जाणारी, केसासारखी रेघ दिसू लागली.

पोरगा, मी आणि तो, तिघेही वाकून पाहत होतो. मी त्याचा एक ठोकळा उचलून पाट्यावर ठेवला. गिअर टाकून जोर लावला की ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आस, स्वतःभोवती फिरायला बघतो, ब्रेक मारला की उलटा. तो पीळ पाटाच सोसतो. मध्ये ठोकळा आला की ॲक्सल पाट्यापासून लांब जातो, तरफ वाढते, पीळ वाढतो. आणि तो सगळा नेमका ह्या भोकापाशी येतो. मेन पाटाच ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो. तो उतारावर तुटला तर मागचं चाक तिरकं होतं आणि गाडी हातात राहत नाही.

त्याने ठोकळा पाट्यावरून उचलला आणि पिशवीत टाकला. "मग पैसे कुठे घालायचे ते तुम्ही सांगा."

त्याच मॉडेलची, समोरून धडकून मोडीत निघालेली एक गाडी मागच्या शेडमध्ये पडून होती. तिचे पाटे काढले. रुंदी ६० मिमी, तीच. पुढच्या डोळ्यापासून, म्हणजे पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकापासून, सेंटर बोल्टपर्यंतचं अंतर, मागच्या डोळ्यापर्यंतचं अंतर, बोल्टच्या डोक्याचा व्यास, सगळं जुळवून पाहिलं. जुने पाटे वापरताना लोक फक्त एकूण लांबी पाहतात आणि मग ॲक्सल पुढेमागे सरकलेला सापडतो. खडूची परीक्षा ह्या पाट्यांनाही दिली. दोन्ही कोरे निघाले.

त्याच्या जुन्या थप्पीत तळाशी कुणीतरी १२ मिमी जाडीचा पाटा घुसवला होता, जास्त वजन घ्यायला. ह्याबद्दल मला जरा सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण हाडं खिळखिळी करणाऱ्या निम्म्या पिकअपांचं दुखणं इथेच असतं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे १२ मिमीचा एक पाटा, लांबी-रुंदी तीच असेल तर, ६ मिमीच्या आठ पाट्यांइतका कडक. ह्याचे नेहमीचे ओझे ३०० किलोच्या आसपास. त्यासाठी आठ पाट्यांचा कडकपणा कशाला? तो जाड पाटा काढला आणि मोडीतल्या थप्पीतला ६ मिमीचा एक लांब, चांगली कमान असलेला पाटा दुसऱ्या क्रमांकावर घातला. पाटे एकमेकांवर सरकावेत म्हणून टोकं ग्राइंडरने गोल केली. मधल्या कोरड्या गंजाचे पापुद्रे घासून काढले. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात, आणि लहान खड्ड्यांत पाटा वाकतच नाही.

त्याचे पैसे गेले ते नवीन बुश, सेंटर बोल्ट, पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आणि शॉकॲब्सॉर्बरवर. यू-बोल्ट जुनेच वापरा, असं त्याने एकदा विचारून पाहिलं. एकदा कसून ताणलेल्या बोल्टचे आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत, आणि यू-बोल्ट सैल राहिला की सेंटर बोल्ट तुटतो किंवा मेन पाट्याला तडा जातो. त्या उजव्या पाट्याला तडा गेला तो बहुतेक असाच. इथे काटकसर करायला मी नकार दिला.

शॉक घेण्याआधी मागचं चाक पूर्ण वर दाबून आणि पूर्ण लटकवून दोन्ही टोकांतलं अंतर मोजलं. ३६० मिमी आणि ५३५ मिमी. जुने शॉक ५०५ लाच संपत होते. चाक खाली जायला निघालं की शॉकच त्याला ओढून धरत होता. ३४५ ते ५४५ मिमीचे साधे गॅसचे शॉक मिळाले, महागातले नाहीत. बंद लांबी ३६० पेक्षा कमी हवी, म्हणजे आधी बंप स्टॉपचं, चाकाला वर अडवणारं, रबर टेकतं आणि मगच शॉक संपायला येतो. उलटं झालं तर शॉक आतून फुटतो. ब्रेकचा होज लटकत्या चाकाला ताणत नाही, हेही पाहिलं. बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच कसले. लटकत्या स्थितीत कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं.

मागून गाडी सकाळपेक्षा ४० मिमी वर आली. तो खूश होता. मीही होतो.

वाळूच्या २५ किलोच्या बारा गोण्या मागे टाकून आम्ही खडीवर निघालो. बसणं लगेच वेगळं जाणवलं. मग मी ब्रेक दाबला. नाक खाली गेलं, गाडी थांबली, पण थोडी लांब. उतरून पाहिलं तर पुढच्या चाकांनी खडीत खोल चरे काढले होते आणि मागची नुसती लोळत आली होती.

चूक माझी होती. पुष्कळ पिकअपांना मागे चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. ओझ्याने गाडी दबली की दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकामी असताना कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. मी गाडी उचलली, दांडी तिथेच ठेवली. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच होती. सकाळी मागची बाजू उघडताना ती दांडी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी गोण्या न टाकता चक्कर मारून चावी त्याच्या हातात दिली असती, तर तो भरल्या पेट्यांसह त्या घळीतून खाली उतरला असता. ते त्याला मी तिथेच सांगितलं.

आता दांडीचं टोक किती उंच करायचं हेही नीट ठरवावं लागलं. ४० मिमी हा फरक दबलेल्या पाट्यांपासूनचा. सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मूळ उंचीपेक्षा गाडी २५ मिमीच वर होती. म्हणून ६ मिमी पोलादी पट्टीचा ब्रॅकेट करून दांडीचं ॲक्सलकडचं टोक २५ मिमी वर घेतलं. पुन्हा भरल्या गाडीने ब्रेक मारला, तेव्हा चारी चाकांचे चरे उमटले. गोण्या उतरवून रिकाम्या गाडीनेही चारदा मारला. मागचं आधी लॉक होत नाही ना, हे पाहायचं होतं. झालं नाही.

टायरची हवा हे बिनपैशाचं सस्पेन्शन. ते सात किलोमीटर ३२ ऐवजी २२ पीएसआयवर सावकाश जा आणि डांबरीवर येताच पुन्हा भर, असं सांगून त्याला हातपंप आणि गेज जवळ ठेवायला लावलं.

अंधार पडता पडता पुन्हा त्याच उंचवट्यांवर गाडी चढवली. मागचं डावं चाक खाली, मातीला टेकलेलं. त्याने उकिडवं बसून टायरखाली बोट घालायचा प्रयत्न केला. शिरलं नाही.

ठोकळ्यांची पिशवी तो विसरून गेला. यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसायचे असतात, त्यासाठी दोन आठवड्यांनी आला तेव्हा ती बाकाखालीच होती. पेट्या पोहोचल्या होत्या, एकीतलं एक पोळं जरा सरकलं होतं, तुटलं नव्हतं. मी खाली सरकलो. आठ नटांपैकी सात जागचे हलले नाहीत. आठवा, उजव्या बाजूचा मागचा, पाव फेरा फिरला. त्यावर पिवळ्या रंगाची खूण करून मी त्याला पुढच्या महिन्यात परत बोलावलं.